रोबो आला, व्हीआरएस आली : सही करण्याआधीचा हिशेब

भोसरीच्या एका कारखान्यात मी २९ वर्षे टाइम ऑफिसात होते. मस्टर, पंचिंग कार्डे, ओव्हरटाइमची रजिस्टरे, रजेचे अर्ज, आणि माणूस नोकरी सोडून निघाला की त्याची फुल अँड फायनलची, म्हणजे शेवटच्या हिशेबाची फाईल, हे सगळे माझ्या टेबलावरून जायचे. वेल्डशॉपमध्ये रोबो बसले तेव्हा व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडलेल्यांच्या फायली मी केल्या. पुढे हजेरीचे मशीन आणि पगाराचे सॉफ्टवेअर आले आणि २०१९ मध्ये माझी स्वतःचीच फाईल मी करून दिली. त्या फायलींत ज्या चुका पुन्हापुन्हा दिसल्या, त्यातली एक माझीही, त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. पन्नाशी ओलांडलेल्या आणि आपल्या खात्यात मशीन येणार असे कानावर आलेल्या कुणालाही हे उपयोगी पडेल, मग काम वेल्डिंगचे असो, पॅकिंगचे की बिलिंगचे.

आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. कामगार कपात करायची झाली तर त्या प्रकारच्या कामात शेवटी लागलेल्याला आधी काढायचे, हा आपल्याकडच्या कायद्याचा जुना नियम आहे. औद्योगिक विवाद कायद्यात तो होता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. शिवाय ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी लागते. कंपनीला मात्र जास्त पगाराचा जुना माणूस कमी करायचा असतो. तो कायद्याच्या वाटेने सहज निघत नाही, म्हणून त्याने स्वतःहून जावे असे तिला हवे असते. स्वेच्छानिवृत्ती ही कायद्याच्या भाषेत कपात नाहीच. तुम्ही सही केलीत की कपातीचे सगळे संरक्षण तिथेच संपते. पॅकेजची रक्कम मोठी असते ती या सहीची किंमत असते. म्हणून 'कंपनीने चांगले दिले' या भावनेने ती घेऊ नका, आणि 'आता काय, मशीन आलेच' या भीतीनेही नको.

(सुपरवायझर म्हणून बढती घेऊन महिना १८,००० रुपयांवर पगार असलेले आणि मॅनेजर मंडळी 'कामगार' या व्याख्येत बसत नाहीत. त्यांची बाजू कमजोर असते. त्यांनी नेमणूकपत्रातल्या नोटिशीच्या अटी आधी काढून वाचाव्यात.)

मशीन नेमके काय करणार, ते विचारा

'रोबो येणार' ही बातमी कॅन्टीनमध्ये सहा महिने आधी फिरते आणि तेवढ्यावरच माणसे मनाने निवृत्त होतात. असे करू नका. युनियनमार्फत किंवा खातेप्रमुखाकडे जाऊन विचारा : कोणत्या स्टेशनवर बसणार, ट्रायल कधी, पूर्ण उत्पादन कधी, शिफ्टला आज किती माणसे लागतात आणि नंतर किती लागतील, उरलेल्यांना कुठे घेणार. सुधारित यंत्र किंवा पद्धत आणल्याने कपात होण्याचा संभव असेल, तर मालकाला २१ दिवस आधी बदलाची नोटीस द्यावी लागते. मात्र तो बदल युनियनबरोबरच्या करारातच मान्य झालेला असेल तर वेगळी नोटीस लागत नाही. म्हणून शेवटचा करार पूर्ण वाचा. पगारवाढीचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. मागच्या पानांवरचे 'आधुनिकीकरणास सहकार्य' हे कलम फार थोड्यांनी वाचलेले असते.

आमच्या वेल्डशॉपमध्ये स्पॉट वेल्डिंगचे रोबो बसले तेव्हाची गोष्ट सांगते. पहिले दोन महिने रिजेक्शन वाढले. वेल्डिंग गनच्या तांब्याच्या टिपा घासून चपट्या झाल्या की ठिपका पसरतो आणि कच्चा राहतो. हाताने गन चालवणारा माणूस आवाजावरून आणि ठिणग्यांवरून हे ओळखतो आणि टिप बदलतो. रोबो तसाच ठोकत राहिला. पत्र्याचे दोन भाग फिक्स्चरमध्ये, म्हणजे ते पकडून ठेवणाऱ्या साच्यात, नीट बसले नाहीत तरी ठोकतच राहिला. किती ठिपक्यांनंतर टिप घासायची, कोणत्या क्लॅम्पखाली फट राहते, हे शेवटी सांगितले ते वीस-पंचवीस वर्षे गन हातात धरलेल्या एका जुन्या वेल्डरने. इंजिनिअरने ते प्रोग्राममध्ये घातले. तो माणूस साठीपर्यंत त्याच सेलवर राहिला, फिक्स्चर आणि रिवर्क बघायला. पेंडंटवरची, म्हणजे रोबो चालवायच्या हातातल्या पॅनेलवरची अक्षरे दिसायची नाहीत म्हणून चष्म्याच्या दोरीला बारीक भिंग अडकवायचा.

प्रत्येकाला अशी जागा मिळत नाही, हेही तितकेच खरे. माल लावणे आणि उतरवणे एवढेच ज्याचे काम होते त्याला ती मिळाली नाही. म्हणून स्वतःशी प्रामाणिकपणे बघा : मशीन आल्यावर तुमच्या हातातले उरते काय? सेटिंग, टूल, क्वालिटी, मेंटेनन्स यातले काही येत असेल तर आत राहण्याचा पर्याय खरा आहे. ट्रेनिंगसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पुढे 'यांना शिकायचेच नव्हते' असे कुणी म्हणाले तर तो कागद बोलेल. बाहेर शिकायचे असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या ठिकाणी सीएनसी आणि ऑटोमेशनचे कोर्स चालतात. आयटीआयमध्येही चौकशी करा.

पॅकेजची रक्कम फोडा

नोटीस बोर्डावर '२८ लाख' असा आकडा लागतो. घरी जाऊन कोरी वही घ्या आणि तो फोडा.

समजा, वय ५३, नोकरी २८ वर्षे, बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता) ३२,००० आणि हातात येणारा एकूण पगार ४८,००० आहे.

यातली ग्रॅच्युटी तुमची हक्काचीच आहे, व्हीआरएस घ्या की राजीनामा द्या. हिशेब असा : ३२,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले २८, म्हणजे ५,१६,९२३ रुपये. शिल्लक रजा ९० दिवस असेल तर तिचे ९६,००० धरा, तेही तुमचेच. दोन्ही वजा केल्यावर कंपनी 'जा' म्हणून खरोखर देते आहे ते २१,८७,०७७ रुपये. फंडाची (पीएफची) रक्कमही कुणी या बेरजेत घुसवली असेल तर तीही बाहेर काढा. मी अशा बेरजा पाहिल्या आहेत.

आता तुलना. ५८ पर्यंत कामावर राहिलात तर पगारवाढ न धरताही ६० महिन्यांचे २८ लाख ८० हजार होतात. वर कंपनीचा फंडातला वाटा आणि आणखी पाच वर्षांची ग्रॅच्युटी. तुमच्याकडे निवृत्तीचे वय ५८ आहे की ६०, हे स्थायी आदेशात (कारखान्याच्या नोकरीच्या नियमावलीत) किंवा करारात पाहा. त्या दोन वर्षांच्या फरकाने हिशेब बराच बदलतो. दुसऱ्या टोकाला, कायद्याने कपात झाली तर भरपाई मिळते ती वर्षाला १५ दिवसांच्या सरासरी पगाराने, म्हणजे या उदाहरणात पावणेसात लाखांच्या आसपास. शिवाय नव्या संहितेप्रमाणे पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांचे वेतन. तेव्हा 'काढतील तेव्हा बघू' म्हणून बसून राहणेही सगळीकडे शहाणपणाचे नाही. कंपनीची दुसरी लाईन चालू आहे का, ऑर्डरी येताहेत का, की सगळा प्लांटच दुसरीकडे हलतो आहे, यावर ते ठरते. मोठा आणि चालता कारखाना असेल तर थांबण्यात तोटा कमी. पन्नास माणसांचा आणि पगार उशिरा होणारा कारखाना असेल तर मी पैसे घेऊन बाहेर पडा म्हणेन.

लाख मोजू नका, महिने मोजा

माझ्या टेबलासमोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाची चूक इथे झाली. एवढी रक्कम आयुष्यात एकदाच दिसते आणि ती न संपणारी वाटते.

घरखर्च लिहून काढा. आठवणीतून नाही, तीन महिन्यांची पासबुके आणि किराणा-दूध-गॅस-औषधांची बिले घेऊन, घरातल्या बाईला किंवा माणसाला शेजारी बसवून. खर्चाचे खरे आकडे बहुतेक घरांत एकालाच ठाऊक असतात. समजा, महिना ३०,००० निघाला. २१.८७ लाखांतून कर जाऊन साधारण साडेवीस लाख हातात उरले. भागाकार करा : ६८ महिने. उरलेल्या पैशांवर व्याज मिळेल, पण महागाई ते खात राहील. म्हणजे फंडाला हात न लावता ५३ व्या वर्षी निघालेला माणूस साडेअठ्ठावन्नपर्यंत पोचतो. पुढची वीस-पंचवीस वर्षे फंड, ग्रॅच्युटी आणि पेन्शनवर.

आणि ती पेन्शन किती? ईपीएस-९५ चा, म्हणजे फंडाबरोबरच्या पेन्शन योजनेचा हिशेब वेतन गुणिले सेवा भागिले ७०. पण वेतन धरतात ते जास्तीत जास्त १५,०००, आणि सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या सेवेला ६,५०० च. वीस वर्षे सेवा झालेल्यांना दोन वर्षे वाढवून मिळतात. पूर्ण पगारावरच्या वाढीव पेन्शनचा पर्याय ज्याने घेतला नाही, अशा आपल्या उदाहरणातल्या माणसाला ५८ व्या वर्षी साधारण साडेचार हजार रुपये महिना मिळतील. पगार ४८,०००, पेन्शन ४,५००. हा आकडा सांगितला की समोरचा माणूस गप्प व्हायचा.

पेन्शन पन्नाशीनंतर लवकरही घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी, तितके दर वर्षी ४ टक्के कापले जातात आणि ते कायमचे. ५३ ला घेतली तर ४,५०० चे ३,६०० होतात. लोक म्हणतात, लवकर घेणे म्हणजे मूर्खपणा. मला तसे वाटत नाही. पाच वर्षांत २,१६,००० रुपये आधी मिळतात आणि महिन्याच्या ९०० रुपयांच्या तुटीने ते भरून निघायला वीस वर्षे लागतात, म्हणजे वय ७८ होते. घरात दुसरी कमाई नसेल तर लवकर घेणे चूक नाही. पण पुढे बायकोला मिळणारी कुटुंब पेन्शनही त्याच कमी झालेल्या आकड्याच्या निम्मी असते, हे तिच्यासमोर बोलून ठरवा. फंड लागू असलेली दुसरी नोकरी करणार असाल तर पेन्शन सुरू न करता जुनी सेवा तिकडे जोडून घ्या. आणि दहा वर्षे सेवा पुरी झालेली नसेल तर मासिक पेन्शनच नाही. मध्येच नोकरी बदललेल्यांनी जुन्या कंपनीची वर्षे जोडली गेली आहेत का ते पासबुकात आजच बघावे.

निघायची तारीख

माझी चूक या तारखेची. ज्येष्ठ नागरिक बचत योजना, पोस्टात किंवा बँकेत मिळणारी, एरवी साठीनंतरची. पण निवृत्ती किंवा व्हीआरएस घेतलेल्यांना ५५ पुरी झाल्यावर उघडता येते, मिळालेल्या निवृत्तीच्या रकमेइतकी. मी निघाले तेव्हा मला ५४ वर्षे ८ महिने झाले होते. पैसे मिळाल्यापासून एका महिन्यात खाते उघडायची तेव्हाची अट. पोस्टातल्या बाईंनी माझा जन्मदाखला पाहिला, कॅलेंडर पाहिले आणि फॉर्म परत दिला. चार महिने थांबून सुटायची तारीख मागितली असती तर कंपनीने दिली असती, दोघातिघांना दिलीही होती. शेकडो लोकांच्या जन्मतारखा तपासणाऱ्या मला स्वतःची तारीख सुचली नाही. साठीपर्यंत पाच वर्षे ते पैसे मुदत ठेवीत कमी व्याजावर राहिले.

आता ती मुदत तीन महिन्यांची आहे, मर्यादा ३० लाखांची आणि व्याज ८.२ टक्के, दर तिमाहीला खात्यात. १० लाख ठेवले तर तिमाहीला २०,५००. व्याजाचा दर सरकार बदलते, पण तुम्ही खाते उघडता तो दर तुमच्या पाच वर्षांना कायम राहतो. तुमचे वय ५४ च्या पुढे असेल तर ५५ व्या वाढदिवसाच्या नंतरची तारीख लेखी मागा.

तारखेवर करही अवलंबून आहे. व्हीआरएसच्या रकमेतले ५ लाख करमुक्त, तेही आयुष्यात एकदाच आणि योजना आयकराच्या नियमात बसणारी असेल तर. कंपनीकडून तसे लेखी घ्या. ग्रॅच्युटी २० लाखांपर्यंत करमुक्त, आणि निवृत्त होताना मिळणाऱ्या शिल्लक रजेच्या पगारावर २५ लाखांच्या मर्यादेत सूट आहे. उरलेली रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाते. आपल्या उदाहरणातला माणूस मार्चअखेर सुटला, तर वर्षभराचा पगार आणि व्हीआरएस एकत्र येऊन सध्याच्या नव्या कररचनेत साधारण २ लाख ५७ हजार कर बसतो. एप्रिलअखेर सुटला तर १ लाख ३७ हजार. एक महिना जास्त काम केल्याने सव्वा लाखाच्या आसपास वाचतात, आणि त्या महिन्याचा पगार वेगळा.

आजारपण

कंपनीची मेडिक्लेम सुटायच्या दिवशी बंद होते. पन्नाशीत बीपी-शुगर असलेल्याला नवी पॉलिसी महाग पडते, आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. गेटबाहेर पडण्याआधी एचआरकडून विमा कंपनीचा संपर्क घ्या आणि ग्रुप पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा, म्हणजे आधी काढलेली वर्षे वाया जात नाहीत. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा हप्ता हलका झाला आहे.

ईएसआयसीत (कामगार राज्य विमा योजनेत) असाल तर एक सोय बहुतेकांना ठाऊकच नसते : किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्याला, व्हीआरएस घेतलेल्यालाही, वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःचे आणि नवऱ्याचे किंवा बायकोचे उपचार चालू ठेवता येतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारवरची नावे जुळवून ठेवा.

पैशांवर आधीच कुणाचा हात आहे

कामगारांच्या पतपेढीचे कर्ज अंतिम हिशेबातून कापले जाते हे माहीत असते. पण तुम्ही ज्याला जामीन राहिलात त्याचे कर्ज थकले असेल तर? एका पॅकिंगमधल्या माणसाला चेक हातात आल्यावर कळले की मित्राच्या थकबाकीपायी सव्वा लाख अडवून ठेवले आहेत. सही करण्याआधी पतपेढीत जा. स्वतःचे शेअर, ठेव, कर्ज आणि जामीनकी, चारही गोष्टींचा लेखी उतारा मागा. जमलेच तर जामीनदार बदलून घ्या.

व्हीआरएसची यादी लागली की आठवड्याभरात गेटवर प्लॉटिंगवाले, 'महिना तीन टक्के' देणारे आणि दूरचे नातेवाईक येतात. मुलाच्या धंद्याला, मुलीच्या लग्नाला किंवा गावच्या घराला किती द्यायचे, हे पैसे येण्याआधी नवराबायकोने ठरवून वहीत लिहा. आकडा आधी ठरला असेल तर पोराला नाही म्हणणे सोपे जाते. गृहकर्ज उरले असेल आणि पुढे नियमित पगार नसणार असेल, तर मी ते आधी फेडेन. ठेवीचे व्याज कमी मिळाले तरी चालेल, हप्त्याची तारीख डोक्यावर नको. फंड मात्र लगेच काढायची घाई करू नका. नोकरी सुटल्यावरही त्यावर काही काळ व्याज मिळते, फक्त सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो.

नंतर काय करणार याचे उत्तर 'बघू काहीतरी' असेल तर ते उत्तर नाही. फॅब्रिकेशनचे शेड, रिक्षा, गावची शेती, जे मनात असेल ते शिल्लक रजेतले पंधरा-वीस दिवस घेऊन खरोखर करून बघा. एकाने मेव्हण्याच्या वर्कशॉपमध्ये तीन आठवडे काम केले, उधारी वसुलीचे हाल पाहिले, परत आला आणि व्हीआरएसचा अर्ज भरलाच नाही. सिक्युरिटी एजन्सीत बारा तासांची ड्युटी असते. गुडघे दुखत असतील तर ती धरून चालू नका.

सही आणि शेवटचा दिवस

योजनेचे पूर्ण परिपत्रक मागा, नुसता फॉर्म नको. त्यात दोन ओळी शोधा : अर्ज मागे घेता येतो का आणि कधीपर्यंत, आणि कंपनीला अर्ज नाकारण्याचा हक्क आहे का. शाखांत संगणक बसत असताना सरकारी बँकांनी २००० साली व्हीआरएस आणली, तेव्हा अर्ज मागे घेण्यावरून प्रकरणे सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती. 'आजच सही करा, उद्या योजना बंद' असे कुणी म्हणाले तर परिपत्रकावरची शेवटची तारीख दाखवायला सांगा. केबिनमध्ये एकट्याने सही करू नका. युनियनचा माणूस किंवा घरातले कुणी बरोबर ठेवा, आणि सही केलेल्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो घ्या.

सुटताना हातात हे हवे : सुटल्याचे पत्र, ज्यात 'स्वेच्छानिवृत्ती' हा शब्द असेल ('राजीनामा' लिहिले असेल तर कर आणि ज्येष्ठ नागरिक योजना, दोन्हीकडे अडते), रकमांची फोड केलेला अंतिम हिशेब, फॉर्म १६, अनुभवाचा दाखला, आणि ईएसआयसीचे कागद असतील तर ते. ग्रॅच्युटी ३० दिवसांत मिळायला हवी, पुढे व्याज लागते.

आणि फंडाच्या पोर्टलवर आजच, मशीन यायच्याही आधी, चार गोष्टी तपासा : नाव आधारप्रमाणे आहे का, जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळते का, वारसाची नोंद आहे का, आणि आधीच्या नोकरीची सुटायची तारीख भरलेली आहे का. मालक दुरुस्ती करून देतो ती तुम्ही आत असेपर्यंत सहज. बाहेर पडल्यावर त्याच एका सहीसाठी गेटवर पास काढून बसलेली, 'ज' ऐवजी 'झ' झालेल्या नावामुळे पेन्शन अडलेली माणसे मी माझ्या खिडकीतून पाहिली आहेत.